तात्या, पाटी रंगवायची घाई नको

रविवारी सकाळी वेंगुर्ल्याहून तात्याचा, माझ्या मावसभावाचा, फोन. ‘गो, मी वर्सात डॉक्टर व्हतलंय!’ काजू कारखानदारांच्या ग्रुपवरचा तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल: घरबसल्या एका वर्षात डीबीए, म्हणजे व्यवसाय प्रशासनातली डॉक्टरेट, यूजीसीमान्य, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेली, पीएचडीच, प्रबंध नको, अनुभव हाच प्रबंध, वर प्राध्यापकाची नोकरी.

‘यूजीसीमान्य’ ही शुद्ध थाप. यूजीसीचे नोव्हेंबर 2022 चे पीएचडीचे नियम वाचा. किमान मुदत तीन वर्षं, आणि दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडीला सरळ बंदी. एजंट म्हणेल, आमची पीएचडी नाही, डीबीए आहे. मग मेसेजात पीएचडी कशाला लिहिलीस, बाबा?

पण डोकं फिरलं ते ‘अनुभव हाच प्रबंध’ वाचून. तात्याचा अनुभव मोठाच. काजूगर नुसता बघून तो 240 चा की 320 चा ते सांगतो. एका पौंडात किती गर बसतात त्यावरून ही प्रत ठरते. पण तो झाला हात बसलेला. प्रबंध म्हणजे फोडताना तुकडा जास्त का पडतो, वाफवण्यात चूक की बी ओली, हे दहा कारखान्यांत मोजायचं, आधी कोणी काय शोधलं ते वाचायचं आणि आपलं म्हणणं कुठे लंगडं पडतं तेही लिहायचं. मग बाहेरचे परीक्षक ते तपासणार, तोंडी परीक्षा घेणार. पीएचडीचा प्रबंध पुढे शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जातो, कोणीही उघडून चुका काढू शकतो. अनुभवावरच पदवी मिळायची तर आमच्या कारखान्यात तीस वर्षं बी फोडणाऱ्या बायकांना आधी द्या.

बरं, डीबीए ही पदवीच बोगस आहे असं नाही. परदेशात चांगली विद्यापीठं ती अनुभवी व्यवस्थापकांना देतात. तिथे अनुभवावर प्रवेश मिळतो, पदवी नाही. प्रबंध तिथेही सुटत नाही.

नोकरीचं तर सोडाच. सहायक प्राध्यापकासाठी जुलै 2023 पासून नेट, सेट किंवा स्लेट यांपैकी एक पात्रता परीक्षा पास होणं ही किमान पात्रता आहे; पीएचडीसुद्धा ऐच्छिक.

तात्याला म्हटलं, एजंटला एवढंच विचार: तुमचं विद्यापीठ कुठल्या कायद्याने स्थापन झालं? संध्याकाळी उत्तर आलं: ‘सर, गाऊन आणि टोपी फीमध्येच आहे.’