चोपणाला चुना? मामा, थांबा!

परवा शिरोळहून मामांचा फोन आला. एक एकर चोपणासाठी, म्हणजे सोडियम साचून बिघडलेल्या रानासाठी, दहा पोती विरवलेला चुना आणला आणि चार पोती पसरूनही झाली, म्हणे. कारण व्हॉट्सॲपवरचा तो मेसेज: "चोपण म्हणजे रासायनिक खतांनी साचलेलं ॲसिड. जिप्सम हा फॅक्टरीचा कचरा, घेऊ नका. एकरी दहा पोती चुना टाका, भरपूर पाणी सोडा, क्षार वाहून जातील." मामा चाळीस वर्षं शेती करतात, तरी फसले. म्हणून हे लिहितेय.

आधी ॲसिडचं. हे धडधडीत उलटं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या 1954 च्या 'हँडबुक 60' मधल्या मर्यादा आजही कृषी महाविद्यालयांत शिकवतात. त्यानुसार चोपण जमिनीचा सामू (pH; 7 च्या खाली आम्ल, वर विम्ल म्हणजे अल्कधर्मी) 8.5 च्या वर असतो आणि विनिमययुक्त सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, 15 टक्क्यांच्या वर. म्हणजे जमीन विम्ल आहे, आम्ल नाही. चुना लागतो कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीला. चुन्याच्या निवळीचा सामूच 12 च्या वर. पानाला चुना जास्त लागला तर तोंड भाजतं, आणि हा आपण आधीच विम्ल असलेल्या रानात पोत्यानं ओततोय!

"पण चुन्यात कॅल्शियम असतंच की," मामा म्हणाले. असतं. पण आपल्या काळ्या रानात चुनखडीचे खडे आधीच पडलेत, त्यातही कॅल्शियमच आहे. मग चोपण का झालं? कारण एवढ्या सामूला चुनखडी जवळजवळ विरघळत नाही आणि टाकलेला चुनाही शेवटी चुनखडीच होऊन बसतो. मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम हटवायला विरघळलेलं कॅल्शियम हवं, ते जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, देतं. हटलेला सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर खाली जातो. चुनखडीच्या रानात गंधकही चालतं. जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि त्या आम्लात रानातलीच चुनखडी विरघळते.

जिप्सम कचरा? खत कारखान्यांतून उपउत्पादन म्हणून फॉस्फोजिप्सम निघतं, एवढं मान्य. पण राजस्थानात खाणीतलंही मिळतं, आणि कुठून आलं यावरून त्याचं काम बदलत नाही.

पाण्याच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, म्हणूनच तो घातक. वर पांढरा थर येणारी नुसती क्षारयुक्त जमीन पाण्यानं धुता येते, पण निचरा असेल तरच. नदीकाठी भूजल वर आलेलं असतं, चर नाही, नाले बुजलेले. तिथे पाणी सोडलं की खालचे क्षारच वर येतात. आणि जमिनीत क्षार व सोडियम दोन्ही असताना जिप्समशिवाय धुतलं, तर क्षार जातात, सोडियम राहतो, माती विस्कटून चिखल होतो आणि पाणी मुरायचंच थांबतं.

खतांनीच चोपण झालं हेही अर्धवट. आमच्या पट्ट्यात उसाला पाटानं दिलेलं बेसुमार पाणी आधी धरा.

मामा, उरलेली सहा पोती रानात नेऊ नका. आधी मातीचा नमुना द्या, चुना न पसरलेल्या भागाचा वेगळा. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू आणि विद्युतवाहकता (क्षारांचं माप) येते, विनिमययुक्त सोडियम येत नाही. तो आणि जिप्समची गरज स्वतंत्र सांगून तपासून घ्या. चर काढायचं शेजारच्या बांधवाल्यांशी आत्ताच बोला, कारण तुमच्या रानाचं पाणी त्यांच्या रानातूनच जाणार आहे.