चाकांवरचे घर आणि रेडवूडचे अरण्य : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला, हम्बोल्ट आणि डेल नॉर्ट काउंटींमध्ये, आरव्हीने (झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेल्या गाडीने) केलेल्या मुक्कामांवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि आपले मत स्पष्ट शब्दांत मांडलेत, याबद्दल आभारी आहे. ज्यांनी आपली प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा आशय सांगतो. आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर असून, घर बरोबर नेणाऱ्याने आपण अरण्यात राहिलो असे म्हणू नये; जनरेटर आणि सांडपाणी यांमुळे शतकानुशतके उभ्या असलेल्या झाडांना अपाय होतो; वयस्कर आई-वडिलांचे कारण ही निव्वळ सबब आहे; आणि खऱ्या निसर्गप्रेमीने तंबूतच राहावे, म्हणून मी हा लेख मागे घ्यावा, असे आपले म्हणणे आहे.

‘सबब’ या शब्दापासून सुरुवात करतो, कारण तो मला लागला. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातील असंख्य मराठी घरांत आई-वडील भारतातून काही महिन्यांसाठी येतात. त्यांना रेडवूड हे अतिशय उंच वृक्ष दाखवायचे म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या म्यूर वुड्स या छोट्या वनात तासभर फिरवून आणायचे, एवढीच बहुतेकांची मजल जाते, कारण खरी विस्तीर्ण अरण्ये तेथून चार ते सहा तासांच्या अंतरावर, उत्तरेला आहेत. ज्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि ज्यांना रात्रीतून दोनदा उठावे लागते, त्यांनी धुक्याने ओल्या झालेल्या जमिनीवर झोपावे, अंधारात टॉर्च घेऊन स्वच्छतागृहापर्यंत चालत जावे, ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही. त्यांना पहाटेचे अरण्य पाहायला मिळावे, साउथ फोर्क ईल नदीकाठी निवांत बसता यावे, यासाठी एक बरा बिछाना आणि चार पावलांवरचे शौचालय लागत असेल, तर ती चैन नव्हे.

आता झाडांविषयी. हम्बोल्ट रेडवूड्स स्टेट पार्कमधील फाउंडर्स ग्रोव्हमध्ये ‘डायरव्हिल जायंट’ हा सुमारे ११० मीटर उंचीचा वृक्ष १९९१ मध्ये कोसळला आणि आजही तसाच आडवा पडून आहे. त्याच्या उपटलेल्या बुंध्याशी उभे राहिले की मुळांची मातीसकट उभी राहिलेली भिंत डोक्याच्या कितीतरी वर जाते. पण एवढ्या उंच झाडाच्या मानाने ती मुळे खोल गेलेली नाहीत, हेही तेथेच डोळ्यांना दिसते. रेडवूडला सोटमूळ नसते. त्याची मुळे साधारण दोन ते चार मीटर खोल जातात आणि आडवी मात्र तीस-तीस मीटर पसरून शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. म्हणूनच या झाडाला विशेष बाधते ते बुंध्याभोवतालची माती तुडवली जाणे, आणि ती तुडवणारा रात्री कशात झोपतो याच्याशी त्या मुळांना काही कर्तव्य नसते. जगातील सर्वांत उंच ज्ञात वृक्ष ‘हायपेरियन’, उंची सुमारे ११६ मीटर, २००६ मध्ये सापडला. त्याच्याकडे जाणारी पायवाट नाही. तरीही त्याला पाहण्याच्या ओढीने माणसे झाडोरा तुडवत जात राहिली, खोडाभोवतीचे नेचे नाहीसे झाले, आणि अखेर २०२२ मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसने तो परिसर बंद करून पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठेवली. तेथवर कोणतीही आरव्ही पोहोचत नाही. ती सगळी माणसे पायी गेली होती आणि आपण म्हणता तसे निसर्गावर त्यांचे प्रेमही होते.

लेखात राहून गेलेली आणि मला सर्वाधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट पक्ष्यांची आहे. मार्बल्ड मरलेट नावाचा एक छोटा समुद्रपक्षी मासे समुद्रात पकडतो, पण अंडे घालायला मात्र किनाऱ्यापासून आत, जुन्या वृक्षांवर येतो. तो घरटे बांधत नाही. उंचावरच्या जाड, शेवाळलेल्या फांदीवर एकच अंडे घालतो. कॅम्पग्राउंडमध्ये सांडलेल्या खाण्याच्या चुऱ्यावर ‘स्टेलर्स जे’ हे निळे पक्षी आणि डोमकावळे पोसले जातात, त्यांची संख्या वाढते, आणि तेच वर जाऊन मरलेटची अंडी व पिल्ले खातात. १९९२ पासून या पक्ष्याला अमेरिकी कायद्याचे संरक्षण आहे, आणि टेबलावर व जमिनीवर एक कणही राहू देऊ नका, अशी सूचना या उद्यानांत येणाऱ्या प्रत्येकाला दिली जाते. आपल्या लोकांनी तर ती विशेष मनावर घ्यावी, कारण प्रवासात आपल्याबरोबर चिवडा, शेव आणि भडंग असतेच, आणि लाकडी टेबलाच्या फटींत अडकलेली शेव वेचून काढणे किती कठीण असते, हे तसे टेबल ज्याने साफ केले आहे त्यालाच ठाऊक. जेवण आरव्हीच्या आत, दार लावून झाले, तर हा प्रश्नच उरत नाही. या एका बाबतीत तंबूपेक्षा आरव्ही निश्चितच उजवी आहे.

सांडपाण्याचेही तसेच. आरव्हीतील शौचालयाचे आणि मोरीचे पाणी दोन वेगळ्या टाक्यांत साठते आणि ते फक्त डम्प स्टेशनवर, म्हणजे त्यासाठी नेमून दिलेल्या जागीच, सोडायचे असते. ते जमिनीवर सोडणे हा गुन्हा आहे आणि तो करणाऱ्याची मी कधीही बाजू घेणार नाही. पण स्मिथ नदीच्या काठी साबणाने भांडी घासणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते तंबूवाले होते. कॅलिफोर्नियातील मोठ्या नद्यांपैकी हीच एक अशी की जिच्या प्रवाहावर कोठेही धरण नाही. तिच्या हिरव्या, तळ दिसणाऱ्या पाण्यात सामन आणि स्टीलहेड मासे अंडी घालायला येतात. त्या पाण्यात ‘नैसर्गिक’ म्हणून विकला जाणारा साबणही जाता कामा नये.

जनरेटरच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कांत तो सकाळी १० ते रात्री ८ या वेळेतच चालवता येतो; माझ्या मते त्या अरण्यात तो मुळीच चालवू नये. अडचण अशी की या उद्यानांच्या कॅम्पग्राउंडमध्ये आरव्हीला जोडायला वीज नाही, आणि छतावरच्या सौर पॅनेलवर त्या झाडांच्या सावलीत ऊन जवळजवळ पडतच नाही. हीटर प्रोपेन गॅसवर चालत असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो, आणि धुक्याच्या थंड रात्री तो सतत सुरू ठेवला तर पहाटेपर्यंत बॅटरी उतरते. म्हणून जाड रजया न्याव्यात, हीटर झोपण्यापूर्वी बंद करावा आणि बॅटरी दिवसा गाडी चालवताना भरून घ्यावी. एवढे पाळले तर जनरेटरला हात लावावा लागत नाही.

आपला राग मोठ्या गाड्यांवर असेल, तर तोही मला मान्य आहे. प्रेअरी क्रीक स्टेट पार्कमधील एल्क प्रेअरी कॅम्पग्राउंडमध्ये २७ फुटांपेक्षा लांब आरव्ही घेत नाहीत. समुद्रकाठच्या गोल्ड ब्लफ्स बीचकडे जाणाऱ्या कच्च्या डेव्हिसन रोडवर ट्रेलरला पूर्ण मनाई असून गाडी २४ फूट लांब आणि ८ फूट रुंद यांहून मोठी चालत नाही. जेडेडाया स्मिथ स्टेट पार्कमधल्या हाउलंड हिल रोडवर तर आरव्ही नेऊच नये. तेथे झाडांच्या बुंध्यांमधून जेमतेम एक गाडी जाते. या मर्यादा अरण्याच्या मापाने ठरल्या आहेत, त्यामुळे गाडी भाड्याने घेण्यापूर्वीच त्या पाहाव्यात. लहान आरव्हीत चौघांची थोडी गैरसोय होते, ती सोसावी.

लेख मी मागे घेणार नाही. आपण तंबू घेऊनच जाणार असाल, तर गोल्ड ब्लफ्स बीचवरच मुक्काम करा, असे आग्रहाने सुचवतो. आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि उन्हाळ्यातील जागा लवकर संपतात. तेथून जवळच फर्न कॅन्यन ही नेच्यांनी मढलेली घळ आहे. १५ मे ते १५ सप्टेंबर या काळात गाडीने तेथे जायला परवाना लागतो, पण कॅम्पग्राउंडचे आरक्षण असलेल्यांना तो वेगळा काढावा लागत नाही. रात्री खाण्याचे सगळे सामान, टूथपेस्टसुद्धा, तंबूत न ठेवता अस्वलांपासून सुरक्षित अशा लोखंडी पेटीत ठेवा, आणि किनाऱ्यावर एल्क या मोठ्या हरणांचा कळप आला तर त्याच्यापासून किमान २५ यार्ड दूर राहा.