नियम आधी सांगा, अर्थ आमच्यावर सोडा

साय-फाय सिनेमा सुटला की पार्किंगमधून गाडी बाहेर काढेपर्यंत कुणीतरी विचारतंच, "पण शेवटी झालं काय बे?" माझा भाचा तर किल्ली लावायच्या आधीच यूट्यूबवर ‘एंडिंग एक्स्प्लेन्ड’ शोधायला लागतो. "मामा, तिकिटाचे पैसे दिलेत की ओ. उत्तर नको का मिळायला?"

मी त्याला हसत नाही. उत्तर मागायच्या या सवयीला मराठीत चांगलं घराणं आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली (आपलीच आद्याक्षरं उलटी करून). पुढे त्यांच्या विज्ञानकथांवर आपल्या पिढ्या वाढल्या. स्पर्धा भरवणारी संस्थाच विज्ञानप्रसारासाठी निघालेली, त्यामुळे गोष्टीनं काहीतरी समजावलं पाहिजे हे आपण धरूनच चालतो. त्या कथा मला आजही आवडतात. पण तीच फूटपट्टी घेऊन थिएटरात बसलं की गडबड होते.

माझ्या मते सिनेमानं समजावायच्या गोष्टी दोन जातीच्या असतात. त्या जगाचे नियम, आणि घडलं त्याचा अर्थ. नियम घटना घडायच्या आधी स्वच्छ सांगावेत. अर्थाला हातच लावू नये. बरेच दिग्दर्शक नेमकं उलटं करतात: नियमांचा गोंधळ घालून ठेवतात आणि शेवटी एखादं पात्र उभं करून प्रेम, माणुसकी, काळ यांवर व्याख्यान देतात.

‘इंटरस्टेलर’ (२०१४) घ्या, एकाच सिनेमात दोन्ही नमुने आहेत. फेब्रुवारी २०२५मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा आयमॅक्सच्या मोठ्या पडद्यासाठी पुणे गाठणारे काही सोलापूरकर माझ्या ओळखीचे आहेत. पाण्याच्या ग्रहावर उतरायच्या आधी एक साधा हिशेब सांगितला जातो: इथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. बस्स. मग लाट येते, यान अडकतं, आणि परत आल्यावर तेवीस वर्षं उलटलेली असतात. नायक मुलांचे साठलेले व्हिडिओ बघत रडतो, तेव्हा कुणी काही समजावत नाही, गरजच नसते. हिशेब आपणच केलेला असतो. याच सिनेमात शेवटी तो पुस्तकांच्या कपाटामागे पोचतो आणि मग जे दिसतंय तेच रोबोटशी बोलून बोलून सांगत बसतो. किप थॉर्नसारखा भौतिकशास्त्रज्ञ सल्लागार असलेल्या सिनेमात माझं लक्ष तिथेच उडतं. (कागदाला पेन भोसकून वर्महोल, म्हणजे अवकाशातला जवळच्या वाटेचा बोगदा, समजावण्याचा प्रसंगही आहेच. वर्महोल तोंडावर आल्यावर वैमानिकाला हे सांगायचं? निघण्याआधी काय केलं मग?)

"आपल्या पब्लिकला न कळलेलं चालत नाही," असं कुणी म्हटलं की मला आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळा आठवतो. त्या प्रतीकात्मक लग्नातलं संमती वाचन कन्नडमध्ये. जमलेल्यांत मराठी, तेलुगू बोलणारे कितीतरी, त्यातल्या अनेकांना शब्द न् शब्द कळत नाही. पण ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ ऐकू आलं की अक्षता टाकायच्या, हे खांद्यावर बसलेल्या पोरालाही ठाऊक. नियम पक्का असला की न कळण्याचं ओझं होत नाही.

दिग्दर्शक कुब्रिकचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) या बाबतीत फार कडक. सुरुवातीला शास्त्रज्ञांच्या मुलाखती लावायच्या ठरल्या होत्या, त्या चित्रितही झाल्या होत्या. निवेदनही लिहिलं होतं. सगळं काढून टाकलं. हॅल नावाचा संगणक माणसं का मारतो, हे सिनेमा बोलून दाखवत नाही. पण हॅलला बंद केल्यावर एक ध्वनिचित्रमुद्रित निरोप लागतो: मोहिमेचा खरा हेतू यानावर फक्त हॅललाच माहीत होता. सामान समोर ठेवलंय, बेरीज आपण करायची. १९८४च्या पुढच्या भागात हॅल घडवणारे डॉ. चंद्रा ती बेरीज फळ्यावर मांडावी तशी करून दाखवतात: खरं सांगणं हे हॅलचं काम आणि लपवणं हा त्याला मिळालेला हुकूम. उत्तर बरोबरच आहे, पण ते ऐकल्यावर हॅलची भीती निम्म्यानं उतरली, माझी तरी.

‘ब्लेड रनर’मध्ये (१९८२) तर हा प्रयोग एकाच दृश्यावर झालाय. कृत्रिम माणसांचं आयुष्य चार वर्षांचं, हा नियम आधीच सांगून टाकलाय. शेवटी पावसात, गच्चीवर, त्यांच्यातलाच एक, रॉय, आपल्याला मारायला आलेल्या माणसाला वाचवतो आणि मरतो. १९८२च्या प्रतीत लगेच नायकाचा आवाज येतो, की त्याने मला का वाचवलं असेल, बहुधा शेवटच्या क्षणी त्याला जगण्याचं मोल कळलं असेल वगैरे. १९९२च्या प्रतीत तो आवाज काढला. फक्त पाऊस आणि हॅरिसन फोर्डचा चेहरा. दोन्ही लागोपाठ बघा, माझ्याशी वाद घालायची गरज पडणार नाही. नायक स्वतः कृत्रिम आहे का, यावर मात्र दिग्दर्शक रिडली स्कॉटनं पुढे मुलाखतींत ‘हो’ म्हणून टाकलं. कशाला बोलायचं?

आता दुसरी बाजू. संदिग्धतेच्या नावाखाली भामटेगिरीही चालते. लेखकालाच शेवट सुचला नाही की धुकं सोडायचं, पियानो वाजवायचा आणि काळा पडदा. असे सिनेमे दुसऱ्यांदा बघितले की आतून पोकळ वाजतात. याउलट ‘प्रायमर’ (२००४) बघा. गणित शिकलेल्या शेन कॅरूथनं सुमारे सात हजार डॉलरमध्ये केलेला. काळात सहा तास मागे जायचं तर सहा तास कालप्रवासाच्या पेटीत पडून राहायचं, आणि पेटी चालू केली त्याच्या आधी जाता येत नाही. एवढं सांगितलंय, तेही पुटपुटत. पुढे कोण कितव्यांदा मागे आलंय हे मला अजून पुरतं लागलेलं नाही. पण दरवेळी आधी निसटलेलं एखादं वाक्य हाती लागतं. बघणार असाल तर सबटायटल लावून बघा, पात्रं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. आणि निदान पहिल्यांदा बघताना कोण कधी मागे गेलं ते मांडणारे यूट्यूबवरचे तक्ते उघडू नका.