टी-शर्ट घातले की टीम होते?

विन्याच्या ऑफिसच्या वृक्षारोपणाचा तो निळ्या टी-शर्टांचा फोटो सगळ्यांनी पाहिला होताच. त्यामुळे तो कट्ट्यावर टेकायच्या आतच बंड्या सुरू झाला. "या समाजसेवक! चाळीस माणसं, आठ रोपं. एकेका रोपाला पाच माळी!"

"हस तू. टीम बॉन्डिंग झालं की नाही? एचआरने लगेच फीडबॅक घेतला. पाचापैकी चार पॉइंट सहा." आकडा सांगताना विन्याची हनुवटी आपोआप वर जाते.

"जिव्हाळा दशांशात मोजता तुम्ही?" अलका म्हणाली. "बरं, आज त्या रोपांना पाणी घालायची पाळी कुणाची?"

"ते व्हेंडर बघतो ना."

"मग बॉन्डिंग व्हेंडरचं आणि रोपांचं झालं."

अलका कॉलेजात शिकवते आणि एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, काम बघते. या विषयावर ती बोलायला लागली की मी मध्ये पडत नाही, कारण मला तिचंच पटतं.

विन्याने माघार घेतली नाही. "माणसं एकत्र आली, हसली-खेळली, वाईट काय त्यात?"

"वाईट काहीच नाही. पण नुसतं एकत्र आणून भागत नाही. १९५४ साली अमेरिकेत, ओक्लाहोमात, मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने बावीस मुलांचं शिबिर घेतलं. मुलांचे दोन गट केले, त्यांच्यात सामने लावले. झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला, तरी भांडणं तशीच. उलट ताटातलं अन्न एकमेकांवर फेकायला लागली. शेवटी पाणी बंद पडलं, जेवण आणायचा ट्रक अडला, तेव्हा दोन्ही गटांनी मिळून तो ओढला. दोर कुठला, माहितीये? रस्सीखेचीचा! घरी जाताना सगळी एकाच बसमधून गेली."

"पण ते पाणी शेरीफच्याच माणसांनी मुद्दाम बंद केलेलं," बंड्याने टोकलं. वाचतो तो, दाखवत नाही.

"हो, लबाडीच होती ती. आपल्याला तेवढीही करायची गरज नाही. खरी अडलेली कामं ढिगाने पडलीयेत."

मग तासांचा विषय निघाला. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेला हिशोब अलकाला पाठ आहे. नुसती ओळख असलेल्या माणसाशी जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, जिवलग व्हायला २००च्या वर. आणि ऑफिसात शेजारीशेजारी बसून गेलेले तास यात फारसे कामाला येत नाहीत.

"एनएसएसचे किती असतात गं?" बंड्याने विचारलं.

"वर्षाला १२०. दोन वर्षांचे २४०."

बंड्याने विन्याच्या पाठीत थाप घातली. "तरीच तू अजून सुटत नाहीस!"

पण नुसत्या तासांनीही होत नाही, असं मला वाटतं. आमच्या एनएसएसच्या कँपात घमेल्यांची रांग लागायची. पहिल्या दिवशी जो तो घमेलं पुढे ढकलून मोकळा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रांगेच्या तोंडाशी फावडं धरलेला पोरगा न सांगता घमेली अर्धीच भरायला लागला, कारण पलीकडच्या मुलीचा खांदा भरून आलेला त्याला दिसला होता. तिने काही म्हटलं नाही, त्यानेही नाही. त्या बॅचचा ग्रुप आजही रात्री दोनला कुणाला रक्त लागलं तरी जागा होतो. विन्याच्या निळ्या टी-शर्टांच्या ग्रुपवर फोटोंनंतर एक मेसेज नाही. हे त्यानेच कबूल केलं.

"कँपचं तू बोलूच नकोस," बंड्या विन्याला म्हणाला. "रोज श्रमदानाच्या वेळी पोट धरून वर्गात झोपणारा कोण? आणि जेवणाची घंटा झाली की खणखणीत बरा!"

"खरंच दुखायचं रे! आणि तुला ताप चढला तेव्हा अर्ध्या रात्री ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात कोणी नेलं?"

"तू. आणि माझ्या नव्या चपला तिथेच सोडून आलास. अजून देणं आहे ते."

विन्याला यावर उत्तर सुचेना. हसू ओसरल्यावर तो अलकाकडे वळला, जरा सरळ आवाजात. "तुमच्या पोरांचं बंधाऱ्याचं काम चालू आहे ना? माझ्या टीमला घेऊन येऊ?"

"ये की. टी-शर्ट नकोत, फोटोग्राफर नको. आणि तिसऱ्या रविवारीही येणार असलात तरच पहिल्या रविवारी या."

"तिसऱ्या रविवारी याचं पोट दुखणार," बंड्या म्हणाला आणि चर्चा तिथेच संपली, कारण पुढे कुणालाच बोलता येईना. सगळ्यात जास्त विन्याच हसत होता.