कपाट हलेना

दिवाळीच्या तोंडावर इंदूरच्या रामबागेत फिरा. घरोघरी लोखंडी कपाटाला चार माणसं भिडलेली दिसतील आणि कपाट जागच्या जागी. अशक्तपणा हे त्याचं कारण नव्हे. आमच्याकडे ज्याचा हात जिथे पुरतो तिथून तो ढकलतो. काका डावीकडून, जावईबापू उजवीकडून. दोघांचे जोर एकमेकांना खातात आणि कपाटाच्या वाट्याला शून्य येतं. वजाबाकी करून काही उरलं तरच वस्तूची गती बदलते, हे न्यूटननं १६८७ सालीच छापून ठेवलंय. अर्थात तो कुणाचाच जावई झाला नाही.

साडेसहा फुटी कपाट रिकामं करूनही १०० किलो धरा. कोटा फरशीवर घर्षण वजनाच्या ०.४ पट धरलं, तर ४० किलोचा जोर लागेपर्यंत ते ढिम्म राहणार. तुम्ही ३९ लावा, घर्षणही उलट ३९ लावतं, मुलखाचं हिशेबी. मात्र एकदा सुटलं की घर्षण ३० वर येतं आणि तुमचा जोर ४० च राहतो. वरच्या १० किलोंनी ते अर्ध्या सेकंदात १२ सेंटिमीटर पुढे येतं. तेवढ्या वेळात काकांच्या अंगठ्याला काही ठरवता येत नाही. म्हणून समोर कुणी उभं राहू नये, ‘मी धरतो ना!’ म्हणणाऱ्यानं तर मुळीच नाही. हात काढला की ते ४ सेंटिमीटरमध्ये थांबतं. पण थांबलं की पुन्हा ४० पासून सुरुवात, तेव्हा मध्येच चहा आणू नये.

खरा घोटाळा हात लावण्याच्या जागेत आहे. कपाटाची खोली ४८ सेंटिमीटर. त्या दिशेनं ढकलताना जोर जमिनीपासून ६० सेंटिमीटरच्या वर लागला, तर कपाट सरकण्याआधी कलतं. म्हणजे हात गुडघ्याच्या जरासा वर हवा. वाकायला नको म्हणून आमची मंडळी छातीच्या उंचीवर रेटतात आणि माथ्यावरची पितळी पातेली खाली येतात. ती आधीच उतरवा. दारं किल्लीनं बंद करा. पहारीनं एकेक कड उचलून पायांखाली जुन्या सतरंजीची घडी सारा. फरशीवर ओरखडे उठत नाहीत आणि जोरही कमी लागतो.

नव्या जागी दार लागत नसेल तर लगेच कुलूपवाल्याला फोन करू नका. फरशी मोरीकडे उतरती असते, त्यामुळे कपाटाचा सांगाडा तिरका होतो. पुढच्या एकेका पायाखाली पुठ्ठा सारून बघा. दोन्ही दारांच्या वरच्या कडा एका रेषेत आल्या की किल्ली फिरते.