कासचं पाणी आणि अल्टाचा बर्फ

सप्टेंबर आला की आमच्या साताऱ्याच्या फॅमिली ग्रुपवर कासच्या फुलांच्या पठारावरून भांडण ठरलेलं. ऑनलाइन बुकिंग कशाला, आपल्याच पठारावर जायला आपणच पैसे का भरायचे, कुंपण होतं तेच बरं होतं, नाही नाही कुंपणानं तर फुलं कमी झाली. आता त्यात नवीन महाबळेश्वरची भर, म्हणजे साताऱ्याच्या डोंगरात नवं गिरिस्थान करायचा सरकारचा शेकडो गावांचा आराखडा, एक गट म्हणतो पोरांना पुण्या-मुंबईला जावं लागणार नाही, दुसरा म्हणतो सह्याद्री संपला.

मी राहतो युटाहमध्ये, सॉल्ट लेक सिटीत. शहराला लागूनच लिटल कॉटनवूड कॅन्यन, म्हणजे डोंगरातली खोल दरी आहे आणि वरच्या टोकाला अल्टा हे स्की रिसॉर्ट, १९३९ पासून लिफ्ट चालू आहे. रात्रभर बर्फ पडला की सकाळी घाटरस्ता बंद. वरच्या उतारावर साठलेला बर्फ कधीही सुटून खाली येऊ शकतो, म्हणून स्फोट करून आधी तो मुद्दाम पाडतात, मग रस्ता साफ होतो आणि मगच गाड्या सोडतात. परवाही तसंच झालं, खाली गाड्यांची ही लांब रांग, आतून धडाम धडाम आवाज येतायत, आणि एकही जण साइडनं गाडी पुढं काढत नव्हता. वर गर्दीच्या दिवशी पार्किंगही आधी बुक केलेलं लागतं.

वर पोचलो तर गुडघाभर पावडर. इथला ताजा बर्फ ज्वारीच्या पिठासारखा कोरडा, मुठीत दाबला तरी गोळा होत नाही. त्यात स्की बुडतात, फक्त पुढची टोकं मधूनच वर येतात, खाली कडक काही लागतच नाही आणि प्रत्येक वळणाला बर्फ छातीपर्यंत उडतो. सुख आहे ते, खरंच. पण दोन-तीन तासांत सगळा उतार तुडवून होतो, म्हणून सगळ्यांना पहिल्या लिफ्टची घाई, तरीही रस्ता उघडेपर्यंत सगळे थांबतात.

याहून मला पटलेली गोष्ट वेगळीच आहे. या कॅन्यनमध्ये फिरायला येताना कुत्रं आणता येत नाही. कारण शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा हा आणि शेजारच्या कॅन्यनमधला बर्फ वितळून येतो. स्कीइंग, हॉटेलं, हायकिंग सगळं चालतं, पण पाण्याच्या नियमाखाली.

आता आपल्याकडं बघा. कास तलावाचं पाणी सातारा पितो, मध्यंतरी धरणाची उंचीही वाढवली, आणि आपण भांडतोय तिकिटावरून. कासच्या वाटेवर यवतेश्वरचा घाट चढल्यावर जी हॉटेलं, रिसॉर्ट झालीत त्यांचं सांडपाणी कुठं जातं हे ग्रुपवर कुणी एकदाही विचारलेलं मी वाचलं नाही.

मामेभाऊ म्हणतो, तिकडं बसून शिकवू नको. पण आईबाबा आजही तेच पाणी पितात, त्यामुळे मी बोलणार. आणि इथलं सगळं चांगलं असंही मी म्हणत नाही. स्कीइंग इतकं महाग झालंय की साध्या पगारावर घर चालवणाऱ्याला परवडत नाही. याबाबतीत कास पुढं आहे, तिथली फी आजूबाजूच्या गावांच्या समितीकडं जाते, गावातली पोरंच गेटवर आणि पठारावर काम करतात. ती फी मला अजिबात खुपत नाही, आपल्या लोकांनी ती आनंदानं भरावी.

इथंही वाद आहेतच. गर्दीवर उपाय म्हणून राज्याच्या वाहतूक खात्यानं २०२३ मध्ये कॅन्यनमधून गोंडोला, म्हणजे रोपवे न्यायचं ठरवलं, तर लोक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं साधं, आधी बस वाढवा, टोल लावा, डोंगरात खांब नंतर बघू. मला हे शंभर टक्के मान्य आहे आणि नवीन महाबळेश्वरलाही हेच लागू होतं. आधी नकाशावर झरे, ओढे, तलावांची पाणलोट क्षेत्रं आखा, तिथं बांधकाम नाही म्हणजे नाही, मग तो कुणाचाही प्लॉट असो. फुलांच्या सीझनला साताऱ्यातूनच बस सोडा आणि खाजगी गाड्या खालीच थांबवा. एवढं झाल्यावर उरलेल्या जागेत होमस्टे काढा, रस्ते करा, आणि त्यात पहिला हक्क त्या गावांतल्या पोरांचा ठेवा.