रिकामं काय आहे त्यात?

अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक सन हाउस यांच्या १९६५च्या अल्बमबद्दल ‘साथ नसल्यामुळे गाणी रिकामी वाटतात’ असं एका लेखात म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. त्यातलं ‘डेथ लेटर’ हेडफोन लावून ऐका. ओळ अर्धवट सुटते आणि पुढचं गिटारवरची स्लाइड, म्हणजे बोटात घालून तारांवर सरकवायची नळी, बोलते. मीही स्लाइड वाजवतो. गाता गाता असं उत्तर देणं किती अवघड आहे, ते हातांना कळतं. ‘ग्रिनिन इन युअर फेस’मध्ये तर गिटारही नाही, नुसता आवाज आणि टाळ्या. तरी अंगावर काटा येतो.

एक गोष्ट मात्र लेखात यायलाच हवी होती. कित्येक वर्षं त्यांनी गिटार सोडली होती. १९६४मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला त्यांचा शोध लागला, मग तरुण गिटारवादक ॲलन विल्सनने त्यांचीच जुनी गाणी त्यांना पुन्हा बसवून दिली. अल्बममधल्या दोन गाण्यांत साथीलाही तोच आहे.